सव्वा मूठ गहू

प्रिय सई,

परवा तू फोनवर विचारलंस आणि मी "भाजी लागतेय खाली" म्हणून फोन ठेवला. भाजीबिजी काही लागत नव्हती. उत्तर सुचत नव्हतं, एवढंच. तू म्हणालीस, "डिग्री घेऊन चार महिने झाले. रोज अर्ज करते, रोज नकार येतो. आजीला सांगितलं तर ती म्हणते, कानबाईवर सोड. आई, सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? नुसतं बसायचं?"

कानबाई, आपली खानदेशची देवी, तू पाहिलीस ती सात वर्षांची असताना. मँचेस्टरला परत आल्यावर शाळेत काय सांगितलंस, आठवतं? "आमच्याकडे नारळाला साडी नेसवतात आणि रात्रभर कुणालाच झोपू देत नाहीत." चुकीचं नव्हतं. श्रावणात नागपंचमी झाली की येणारा पहिला रविवार कानबाईचा. नारळाला नथ घालायची, सजवून चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं कामाधंद्याला सुरतला गेली, पुण्याला गेली, तिथेही कानबाई सोबत घेऊन गेली.

पण जो भाग तू पाहिला नाहीस, तो मला सांगायचाय. तो स्वयंपाकघरात घडतो.

कानबाईच्या नैवेद्याला रोट म्हणतात. रोटाचे गहू अंदाजाने घेत नाहीत, मोजून घेतात. आमच्या घरी माणशी सव्वा मूठ. आजी, म्हणजे माझी आजी, सुपापुढे मांडी घालून बसायची. काकू एकेक नाव घ्यायची आणि आजी पोत्यातून गच्च मूठ भरून सुपात सोडायची. मग पुन्हा हात घालून नुसत्या तीन बोटांत येतील तेवढे दाणे वरून टाकायची. तो वरचा पाव. मी लहानपणी विचारलं होतं, एक मूठ का नाही, दीड का नाही? ती म्हणाली, "मूठ आपली, वरला पाव तिना." आपलं आपण भरायचं, वरचं कानबाईचं. आणि मी खट्याळपणे अर्धीच मूठ टाकून वर तीन बोटं दाणे सोडले, तेव्हा हातावर चापट मारून म्हणाली, "मूठच अर्धी तं पावना काय उपेग?"

तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. पण हे मला कळलं ते फार उशिरा, आणि रागातून.

1997 साली मी अमळनेरच्या प्रताप कॉलेजातून बी.एस्सी. झाले. तुझ्यासारखीच पहिल्या वर्गात. घरी पाच एकर कोरडवाहू कपाशी, पाऊस रुसलेला. मला शिक्षिका व्हायचं होतं. एका शाळेत मुलाखत छान झाली, मग कार्यालयातल्या गृहस्थांनी वडिलांना बाजूला घेऊन देणगीचा आकडा सांगितला. कुठली शाळा ते राहू दे. एस.टी.त वडील सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले. मी मनातल्या मनात कानबाईशी सौदा केला होता, नोकरी लागली तर चांदीचा मुकुट करीन. आकडा ऐकल्यावर वाटलं, सगळीकडे सौदाच चाललाय, मी काय वेगळं करत होते?

त्या श्रावणात काकू नेहमीसारखी नावं घेऊ लागली. आजोबा, वडील, काका, माझे भाऊ, बारावीला दोनदा बसलेला चुलत भाऊसुद्धा. माझं नाव नाही. आमच्याकडे रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्याच नावाने मोजत. पोरीचं काय, ती उद्या सासरच्या कुळात जायची. दरवर्षीचंच होतं ते, पण त्या वर्षी मला झोंबलं. कॉलेजच्या हजेरीपटावरून नाव गेलेलं, नोकरीच्या कुठल्या यादीत आलेलं नाही, आणि देवीच्या सुपातही नाही! मी उंबऱ्यात उभी राहून ओठ चावत होते. सगळी नावं संपली. आजीने पोत्यात पुन्हा हात घातला, एक गच्च मूठ सुपात सोडली आणि वर तीन बोटं दाणे. काकू म्हणाली, "आत्या, एक जास्ती झाली." आजी म्हणाली, "मोजाले चुकनू वं. ऱ्हाऊ दे." आणि गहू निवडायला घेतले. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

नोकरी काही त्यामुळे लागली नाही, हे आधीच सांगते. पुढची दीड वर्षं मी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, टायपिंग शिकले, मग कसंबसं एम.एस्सी.ला गेले. पण त्या दिवसापासून सकाळी उठायला जड वाटेनासं झालं. मी कुठेतरी मोजलेली होते. आणि मोजलेल्या माणसाला आपली मूठ भरावी लागते.

त्याच कार्तिकात मामांकडे जळगावला होते. तिथे कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, 1872 पासून. तू मोगरी हा शब्द कधी ऐकला नसशील. त्या एवढ्या अवजड रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. ओढणारे ओढतात, पण तो वळवतात आणि थांबवतात ते मोगरीवाले. हातात लाकडी मोगरी घेऊन चाकाच्या अगदी पुढ्यात, वाकून, उलट्या पावली चालायचं. योग्य क्षणी मोगरी चाकाखाली सारायची आणि हात काढून घ्यायचा. मी मामीचा पदर धरून बघत होते. रथावर रामराया बसलेला, गर्दी जयजयकार करतेय, आणि खाली त्या माणसाची नजर चाकावरून हलत नव्हती. त्याने रामावर सोडलं नव्हतं का? सोडलं असणारच, नाहीतर त्या चाकापुढे कोण वाकेल? पण मोगरी हातातून सोडली नव्हती.

म्हणून तुझी आजी "सोड" म्हणते तेव्हा ती काय सोडायला सांगते ते ऐक. अर्ज सोड असं ती म्हणत नाही. समोरचा माणूस तुझा अर्ज वाचेल का, ती जागा आधीच कुणाला द्यायची ठरलीय का, तीन वर्षांनी तू कुठल्या गावात असशील, हा वरचा पाव आहे. त्याच्यासाठी तू रात्री दोनला जागी राहतेस. मला माहितीय, तुझ्या मेसेजवर वेळ दिसते. तेवढं तिच्याकडे दे. नवस मात्र बोलू नकोस, माझ्यासारखी मुकुटात अडकशील. (मुकुट मी शेवटी केलाच, एम.एस्सी. झाल्यावर, पितळेचा. माझी आजी म्हणाली, कानबाईला चालतो.)

आणि तुला विश्वास वाटत नसेल तर ओढून आणू नकोस. मलाही रोज वाटतो असं नाही. इथल्या पहिल्या वर्षी मी एकटीने रोट केले. रोट भाऊबंदकीबाहेर द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, असा आमचा नियम. इथे भाऊबंद कुठले? मी आणि तुझे बाबा चार दिवस खात होतो, शेवटी उरलेलं फ्रीजरमध्ये टाकलं आणि पौर्णिमा उलटून गेली. हे तुझ्या आजीला अजून माहीत नाही. तूही बोलू नकोस.

तू जन्मलीस त्या वर्षीपासून मी तीन माणसांचे गहू मोजते. पुरुष-बिरुष काही बघत नाही. तू ब्रिस्टलला गेल्यावरही मोजले, तुला सांगितलं नव्हतं. या वर्षी तुझे तू मोज. माझी मूठ लहान आहे, तुझी बाबांवर गेलीय.

शनिवारी रात्रीच ये. गहू आणून ठेवलेत, निवडायचे बाकी आहेत. मंगळवारच्या मुलाखतीचे कागद घेऊन ये, निवडता निवडता मी प्रश्न विचारीन. आणि जातं नाही आपल्याकडे, मिक्सरच आहे. आजीला व्हिडिओवर दाखवशील तेव्हा तो जरा मागे सरकव.

तुझी,
आई