मित्राच्या चित्रांबद्दल मित्राला लिहिताना

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. मित्राचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय, त्यानं सगळ्या चित्रांचे फोटो पाठवलेत आणि तुला ती चित्रं खोटी वाटतायत. 'खोटी' हा तुझाच शब्द. आता त्याला हे सांगावं, की अंगठ्याचं चिन्ह पाठवून विषय मिटवावा, असं तू विचारलंयस. पण मनातून ठरवलेलं दिसतंय.

सांग. फक्त फोनवर टाइप करू नकोस. कागद घे, हातानं लिही. आणि त्याआधी डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं त्याच्या चित्रकार मित्राला, एमिल बर्नारला, लिहिलेल्या पत्रांबद्दल थोडं ऐक. भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रांचं कौतुक सगळे करतात. मला स्वतःला बर्नारची पत्रं जास्त उपयोगी पडली, कारण त्यांत पैशांची चणचण कमी आणि चित्रांचं बोलणं जास्त आहे.

बर्नार व्हिन्सेंटहून पंधरा वर्षांनी लहान. ओळख पॅरिसमधली. 1888च्या फेब्रुवारीत व्हिन्सेंट फ्रान्सच्या दक्षिणेला, आर्लला, राहायला गेला आणि मार्चपासून तिथून बर्नारला पत्रं जाऊ लागली. बर्नारला लिहिलेली एकूण 22 पत्रं आज शिल्लक आहेत, बहुतेक न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत. भाषा फ्रेंच, म्हणजे डच माणसासाठी परकीच. आर्लहून गेलेल्या पहिल्याच पत्रात त्यानं एक रेखाटन काढलंय: उचलता पूल, मागे भलामोठा पिवळा सूर्य, गावाकडे परतणारे खलाशी आणि त्यांच्या मैत्रिणी. रेखाटनात कुठे कोणता रंग येणार तेही लिहिलेलं.

जूनमधलं एक पत्र मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचून दाखवायचो. तिकडे मिस्त्राल नावाचा वारा सुटतो, ईझल, म्हणजे कॅनव्हास टेकवायची घोडी, उभं राहू देत नाही. व्हिन्सेंट लिहितो: ईझलचे पाय जमिनीत रुतव, शेजारी 50 सेंटिमीटरची लोखंडी खुंटी ठोक, सगळं दोरानं आवळून बांध, मग वाऱ्यातही काम होतं. थोर कलावंताकडून आपण थोर वाक्यांची अपेक्षा करतो आणि तो खुंटीची लांबी सांगतो! पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या चित्राबद्दलही तसंच. वरचा अर्धा भाग पिवळा, खालचा जांभळा, आणि माणसाची विजार पांढरी. का? तर पिवळा आणि जांभळा एकमेकांशी भांडून डोळ्याला जाचायला लागतात, तेवढ्यात या पांढऱ्यावर नजर विसावते. मित्राशी चित्राबद्दल बोलायचं ते असं, विजारीपर्यंत उतरून.

आता तुझ्या कामाचं पत्र. नोव्हेंबर 1889. व्हिन्सेंट तेव्हा सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. बर्नारनं बायबलमधल्या प्रसंगांवर चित्रं काढून त्यांचे फोटो पाठवले होते. (म्हणजे तोही फोटोंवरूनच बोलत होता. तुझ्या बाबतीत ही अडचण नाही. मित्र एका लोकलच्या अंतरावर राहतो. आधी जाऊन चित्रं प्रत्यक्ष बघ, मग लिही. फोनच्या पडद्यावर जांभळ्याचा चिखल झालेला असतो आणि शिव्या चित्रकाराला बसतात.)

व्हिन्सेंटनं झोडपलं. ही चित्रं कृत्रिम आहेत, आव आणलेली आहेत, असं सरळ लिहिलं. पण तेवढ्यावर तो थांबला असता तर मी तुला हे सांगितलंच नसतं. त्यानं बर्नारला बर्नारचंच एक जुनं चित्र आठवून दिलं: हिरव्या कुरणातल्या, पांढऱ्या टोप्या घातलेल्या, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या बायका. दोघांचा चित्रकार मित्र पॉल गोगँ यानं ते चित्र आर्लला आणलं होतं आणि व्हिन्सेंटला ते इतकं आवडलं होतं की त्यानं जलरंगात त्याची नक्कल केली होती. इतकं सुंदर काम केलंस, ते टाकून हे घेतोयस? असा त्याचा सूर. दुसरं, त्यानं स्वतःची चूकही कबूल केली. गोगँ आर्लला असताना आपणही एकदोनदा डोळ्यांसमोर नसलेलं मनानं रचायच्या वाटेला गेलो होतो, ती मोहक वाट आहे, पण थोड्याच वेळात माणूस भिंतीशी येऊन थांबतो, असं तो लिहितो. ऑलिव्हच्या बागेतला ख्रिस्त, म्हणजे अटकेआधीच्या रात्रीचा बायबलमधला प्रसंग, त्यानंही रंगवायला घेतला होता. समोर मॉडेल नव्हतं, आकाराचा अभ्यास झाला नव्हता, म्हणून तो कॅनव्हास नष्ट केला. हे त्यानं वर्षभर आधी बर्नारलाच कळवलं होतं.

आणि मग आपलं ताजं चित्र पुढे ठेवलं. रुग्णालयाची बाग. वीज पडून नंतर कापलेलं एक प्रचंड खोड, मान खाली गेलेल्या गर्विष्ठ माणसासारखं. समोर वाळत चाललेल्या झुडपावर शेवटचा गुलाब. गेरूसारखी तांबडी जमीन, करड्यानं उदास झालेला हिरवा, काळ्या रेषा. तिथल्या रुग्णांना छळणारी घुसमट या रंगांतून येते, त्यासाठी ख्रिस्ताची बाग काढावी लागत नाही, हे त्याचं म्हणणं.

मी तुझ्या वयाचा असताना एका मित्राला आंतरदेशीय पत्रावर असंच खरमरीत लिहिलं होतं. भाषा फर्डी होती, मला फार आवडली होती. पण त्यात माझं एकही चित्र नव्हतं, माझी एकही चूक नव्हती, आणि त्याचं आधीचं जे मला मनापासून आवडायचं त्याचा उल्लेखही नव्हता. चार वर्षं तो बोलला नाही. मी मात्र स्वतःला सत्यवादी समजत हिंडत होतो.

म्हणून सांगतो, मित्राच्या एकाच चित्रापाशी थांब. सगळ्या भिंतीचा निकाल लावू नकोस. कोणता कोपरा खोटा वाटतो ते लिही. तुझं ते खाडीचं चित्र, ज्यातलं पाणी तू तीनदा खरवडलंस, त्याचं रेखाटन समासात काढ. आणि तो रागावेल, हे धरूनच चाल.

बर्नारच्या मनात त्या पत्रानंतर काय चाललं असेल, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याला आलेलं उपलब्ध पत्रांतलं ते शेवटचं. आठ महिन्यांनी व्हिन्सेंट गेला. 30 जुलै 1890 रोजी पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी त्याला पुरलं, तेव्हा बर्नार तिथे होता. 1892मध्ये पॅरिसला व्हिन्सेंटच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं ते यानंच. पुढच्या वर्षापासून ती पत्रं नियतकालिकात छापायला दिली, 1911मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्वतःला झोडपणारं पत्रही त्यानं जपलं होतं.

तुझं लिहून झालं की पोस्टात टाक. आधी मला दाखवायला आणू नकोस.