अल्लाहचा फोटो कुठंय?

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. शेजारच्या मुसलमान मैत्रिणीच्या घरी तिनं सरळ विचारलं, "तुमच्या देवाचा फोटो कुठंय?" मुलीला काय सांगू?
– एक आई, नेरूळ

उत्तर : ताई, मुंब्र्यात मी लहान मुलांना दीन, म्हणजे धर्म शिकवते, तिथंही पहिला प्रश्न हाच येतो. सांगा, अल्लाह एकच, त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही, मग चित्र काढायचं कशाचं? कुराणातली ११२वी सूरह, म्हणजे अध्याय, जेमतेम चार आयतींचा, म्हणजे वचनांचा आहे. त्याला कुणी जन्म दिला नाही, त्यानं कुणाला दिला नाही, असं त्यात आहे. मैत्रिणीला बहुधा तोंडपाठ असेल, म्हणून दाखवायला सांगा.

इस्लामच्या सहा श्रद्धांतली ही पहिली. मुलं खरी रमतात फरिश्त्यांत, म्हणजे देवदूतांत. प्रत्येक माणसासोबत दोन असतात : उजवीकडचा त्याचं चांगलं काम लिहितो, डावीकडचा वाईट. हे ऐकल्यावर आमच्या वर्गातला एक गडी डावा खांदा झटकायलाच लागला! पण चांगलं करायचं मनात आलं आणि जमलं नाही, तरी एक पुण्य लिहिलं जातं, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आहे. हे जरूर सांगा.

पैगंबर बरेच : आदम, नूह, इब्राहीम, मूसा, ईसा, शेवटचे मुहंमद. यादी घोकवू नका, नूहच्या जहाजाची गोष्ट सांगा. कुराणाआधीच्या तौरात, जबूर, इंजील याही अल्लाहनंच पाठवलेल्या किताबा. कयामतच्या, म्हणजे जगाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांचा हिशेब होणार, हे मुलांना पटकन पटतं. सहावी श्रद्धा तकदीरची, म्हणजे सगळं अल्लाहनं ठरवलेलं असतं ही. ती मोठ्यांनाही जड जाते, तिसरीत राहू द्या.

नमाज, रोजे मात्र या सहा श्रद्धांत धरू नका. ती करायची कामं, त्यांचा धडा वेगळा.