रेटिनॉल सुरू करतेयस? आधी एवढंच कर

छान, पण घाई नको. रेटिनॉल म्हणजे क्रीम-सीरममध्ये असणारा व्हिटॅमिन ए चा एक प्रकार. त्यामुळे त्वचेच्या पेशी भराभर बदलतात. त्याची सवय होईपर्यंत वरचा थर नाजूक होतो, पापुद्रे सुटतात.

आठवड्यातून दोनच रात्री लाव, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं. तोंड धुऊन त्वचा पूर्ण कोरडी होऊ दे. वरून सेरामाइडचं (त्वचेतला ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) मॉइश्चरायझर. ओठांचे कोपरे सोड. मी तिथेही फासलं होतं, आठवडाभर लिंबू सरबत पिताना चुरचुरायचं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- त्याच रात्री स्क्रब किंवा ग्लायकोलिक ॲसिड (मृत पेशी काढणारं)
- सकाळी सनस्क्रीनला दांडी
- तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून बंद. निदान १२ आठवडे दे.

गरोदर असशील किंवा तसा विचार असेल, तर लावूच नकोस. रेटिनॉलची टक्केवारी वाढवायचं नंतर बघू.