टोकियोत इन-बिट्वीन अॅनिमेटर म्हणून पोट भरता येते का?

चित्रकलेचे शिक्षण संपवून टोकियोला जावे का आणि इन-बिट्वीनच्या, म्हणजे अॅनिमेशनमधील मधली चित्रे काढण्याच्या, कामावर तिथे भागते का, असे तुम्ही विचारले आहे. सुगिनामी भागातील एका छोट्या स्टुडिओत मी दोन वर्षे हेच काम केले. सुरुवातीला त्यावर भागत नाही. तरीही जावे असे माझे मत आहे, मात्र गाठीला वर्षभराचा खर्च असू द्या.

या कामाला तिथे ‘दोगा’ म्हणतात. मुख्य चित्रकाराने काढलेल्या हालचालीतील महत्त्वाच्या स्थिती, म्हणजे ‘गेंगा’, स्वच्छ रेषेत उतरवायच्या आणि त्यांच्या मधली चित्रे काढायची. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी टीव्ही मालिकेत एक चित्र बहुधा तीन फ्रेम टिकते, त्यामुळे सेकंदाला आठच चित्रे लागतात आणि त्यांतले एक चुकले तरी डोळ्यांना खुपते. दोन रेषांच्या बरोबर मधून तिसरी ओढली की झाले, असे मला वाटे. मान वळवणाऱ्या मुलीचे माझे पहिले काम तपासनीस बाईंनी परत केले, कारण मी नाक सरळ सरकवले होते. त्यांनी लाल पेन्सिलीने कमान काढून दिली आणि नाक त्या कमानीवरून न्यायला सांगितले. केसांच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढी फट राहिली तरी कागद परत येई, कारण संगणकावर भरलेला रंग तिथून बाहेर पसरतो.

मोबदला बहुतेक ठिकाणी चित्रामागे मिळतो. मला एका चित्राचे सुमारे २०० येन मिळत, मग त्यात नुसते ओठ असोत की चिलखत घातलेला घोडेस्वार. महिन्याला ४०० चित्रे काढली तरी हातात ८० हजार येनच येत. ‘जानिका’ या अॅनिमेटरांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही दोगा कलाकारांचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख येनच होते. हा अन्याय आहे, असे मला आजही वाटते. क्योतो अॅनिमेशनसारख्या पगार देणाऱ्या संस्था आहेत, तिथे आधी प्रयत्न करा.

‘स्पिरिटेड अवे’चे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी १९६३ मध्ये तोएई या अॅनिमेशन स्टुडिओत याच कामावर रुजू झाले होते. आता यातले बरेच काम कोरिया, चीन, फिलिपिन्सकडे जाते, त्यामुळे टोकियोत शिकाऊंना जागा कमी उरतात; पण ज्याला ती मिळते त्याच्या हाती रोज अनुभवी कलाकारांचे मूळ कागद येतात. त्यांच्या कडेला पेन्सिलीने घाईत लिहिलेल्या सूचना वाचता येतील इतके जपानी मात्र इथूनच शिकून जा.