हसलं कोण? कोणीच नाही!

गेल्या अंकात वाचकांना सांगितलं होतं की जुनी महाकाव्यं, नाटकं नाहीतर रोमचा इतिहास, यातलं काहीतरी उचला, त्यावर शाब्दिक कोटी करा आणि व्यंगचित्र काढून पाठवा. चित्रं आली बऱ्यापैकी, पण चित्रांपेक्षा तक्रारीच जास्त आल्या, आमच्या जोकला कोणी हसतच नाही म्हणून. तर या वेळी त्याच घेते.

प्रश्न (नेरूळहून): ताई, रोम जळत असताना फिडल वाजवत होता म्हणतात तो सम्राट नीरो मी काढला, नेरूळ स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून फिडल वाजवतोय, मागे धूर. खाली लिहिलं "नीरो रूल्स, म्हणून नेरूळ", आणि कळावं म्हणून बोर्डाकडे बाण पण काढला. कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं तर तिघांनी नुसता अंगठा दिला आणि एकाने "पीजे" लिहिलं. काय चुकलं?

उत्तर: अरे कोटी मस्त आहे, तूच तिला बाणाने मारलीस. समोरच्याला दोन अर्थ स्वतः जुळवायला मिळाले की तो हसतो, तू ते आधीच जुळवून, गाठ मारून दिलेस, मग त्याला करायला उरलं काय? आणि गंमत म्हणजे तुझ्याकडे याहून भारी कोटी पडून आहे, तुला दिसली नाही. आपण इंग्रजीच्या वळणाने नीरो म्हणतो, लॅटिनमध्ये त्याचा उच्चार नेरोच्या जवळ जातो. आता नेरोला बसव रुळावर. नेरो, रूळ. झालं काम. तो ट्रॅकवर मांडी घालून वाजवत बसलाय, मागे पिवळ्या बोर्डावर नेरूळ लिहिलेलं अर्धवट दिसतंय, प्लॅटफॉर्मवरची पब्लिक घड्याळं बघतेय, आणि एक शब्द लिहायचा नाही. फारच हात शिवशिवले तर अनाउन्समेंटचा फुगा काढ, "तांत्रिक कारणामुळे गाड्या उशिराने धावत आहेत", बस.

अजून एक, ती फिडल काढून टाक. ते वाद्य युरोपात आलं नेरोनंतर कित्येक शतकांनी, त्याच्या हातात लायर दे, वीणेच्या लांबच्या नात्यातली. रोमला आग लागली इसवी सन ६४ च्या जुलैत, आणि रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की शहराच्या १४ विभागांपैकी फक्त ४ धड राहिले, ३ तर पार जमीनदोस्त झाले. पण आग लागली तेव्हा नेरो रोममध्ये नव्हताच, अँटियमला होता, हेही टॅसिटसच सांगतो. दुसरा रोमन लेखक स्युटोनियस, त्याचं म्हणणं वेगळं, तो म्हणतो नेरोने नाटकातले कपडे घालून, उंचावरून आग बघत ट्रॉय शहराच्या विनाशाचं गाणं म्हटलं. आपल्या कामाचा स्युटोनियस, कारण नाटकातले कपडे चित्रात झकास दिसतात. व्यंगचित्रकाराने अफवा वापरली तर चालते, फक्त ती अफवा आहे हे त्याला स्वतःला माहीत पाहिजे.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): मी निवृत्त शिक्षक आहे. शाब्दिक कोट्या हा हलका विनोद असं माझं स्पष्ट मत आहे. रोमन लोक म्हणजे कायदा, रस्ते, शिस्त. त्यांच्या गंभीर इतिहासावर हा पाचकळपणा कशाला?

उत्तर: काका, तुमचा मान राखून सांगते, पाचकळपणा त्यांच्याच घरचा आहे, आपण नुसता पुढे चालवतोय. सिसेरोचंच घ्या. एवढा मोठा वक्ता, पण सिसेर म्हणजे लॅटिनमध्ये हरभरा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की मित्रांनी त्याला राजकारणात पडताना हे आडनाव बदल म्हणून सुचवलं तर हा ऐकेना, उलट सिसिलीत अधिकारी असताना देवाला चांदीचं भांडं वाहिलं त्यावर मार्कस, टुलियस ही दोन नावं कोरून घेतली आणि तिसऱ्या नावाच्या जागी कारागिराला चक्क हरभऱ्याचा दाणा कोरायला सांगितला. आता याला व्यंगचित्र नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? दोन हजार वर्षांपूर्वी माणसाने स्वतःच्या नावावर चित्राची कोटी केली आणि तीही देवाच्या भांड्यावर.

हाच सिसेरो पुढे स्वतःचं कौतुक करण्यात इतका पुढे गेला की इसवी सन पूर्व ६३ मध्ये आपण कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, असताना रोम कसं वाचवलं यावर स्वतःच कविता लिहून मोकळा झाला. आणि आपल्या मराठीत फुशारणाऱ्या माणसाला लोक कुठे चढवतात? हरभऱ्याच्या झाडावर! वाचकांनो, ही कल्पना फुकट देतेय, टोगा नेसलेला माणूस हरभऱ्याच्या इवल्याशा रोपावर चढून भाषण देतोय, खाली सगळं सिनेट टाळ्या वाजवतंय. रोमन माणसाला अर्धी कळली असती, अर्धी फक्त आपल्याला कळेल.

पुढे ऐका काका. व्हेरेस नावाचा एक भ्रष्ट गव्हर्नर होता, सिसेरोने इसवी सन पूर्व ७० मध्ये त्याच्यावर खटला चालवला. व्हेरेस म्हणजे डुक्कर, आणि लॅटिनमध्ये न्यायाला जो शब्द आहे तोच रश्शाला पण. त्यामुळे लोक व्हेरेसच्या न्यायाला डुकराचा रस्सा म्हणायचे, असं सिसेरोनेच लिहून ठेवलंय, वर साळसूदपणे म्हणतो की हे मी नाही हां, लोक म्हणतात. सम्राट टायबेरियसला तर तरुणपणी छावणीतल्या सैनिकांनीच नाव ठेवलं होतं. पूर्ण नाव टायबेरियस क्लॉडियस नेरो (हा फिडलवाला नव्हे), त्याचं त्यांनी केलं बिबेरियस काल्डियस मेरो, म्हणजे पिणारा, गरम, आणि पाणी न घातलेली वाइन. दोन-तीन अक्षरं हलवली आणि अख्खी बाटली बाहेर काढली.

आणि माझी सगळ्यात आवडती म्हणजे क्रॅससची. हा रोमचा गडगंज माणूस, पार्थियावर स्वारी करायला ब्रुंडिसियम बंदरातून सैन्य घेऊन निघाला, तेवढ्यात धक्क्यावर एक अंजीरवाला ओरडत होता "काउनेआस!" म्हणजे काउनसची अंजिरं घ्या. सिसेरो म्हणतो, भरभर म्हटलं तर तेच लॅटिनमध्ये "जाऊ नकोस" असं ऐकू येतं. क्रॅससने ऐकलं नाही, गेला, आणि इसवी सन पूर्व ५३ मध्ये कार्हेच्या लढाईत सैन्यासकट संपला. जांभळी नाक्यावर फळवाल्यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तिथे अर्धे शब्द आपले आपणच ऐकतो. यावर अजून कोणी चित्र पाठवलेलं नाही, कमाल आहे.

नुसत्या शब्दांनी तुमचं समाधान होत नसेल तर चित्रं पण आहेत. पाँपेईच्या एका बंगल्याच्या भिंतीवर टकलू, लांब नाकाचा, डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला माणूस कोणीतरी खरवडून काढलाय आणि वर लिहिलंय, हा रूफस. शहर ७९ साली ज्वालामुखीत गाडलं गेलं म्हणून भिंत वाचली. आणि नेपल्सच्या म्युझियममध्ये एक भित्तिचित्र आहे, व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक एनियस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन आणि पोराचा हात धरून जळत्या ट्रॉयमधून निघतो तो प्रसंग, फक्त तिघंही कुत्र्याच्या तोंडाची माकडं! ऑगस्टसने ज्या एनियसला आपला पूर्वज म्हणून चौकात पुतळा करून उभा केला त्याचीच ही गत. आपण गंभीर समजतो ते लोक असे होते.

प्रश्न (कळवा): "ब्रूटस, तू पण?" हे सीझर खरंच म्हणाला का? मला त्यावर कार्टून करायचंय.

उत्तर: ते वाक्य घरोघरी पोचवलं शेक्सपिअरच्या नाटकाने, १५९९ च्या सुमाराला. स्युटोनियस म्हणतो की सीझर बोललाच नाही, नुसता कण्हला, पण काहींच्या मते ग्रीकमध्ये "तू पण, बाळा?" असं म्हणाला. सिनेटरांनी, त्यात ब्रूटसही होता, सीझरवर केलेले वार २३. तारीख १५ मार्च, इसवी सन पूर्व ४४. तू "तू पण" च्या मागे लागू नको, ती कोटी घासून गुळगुळीत झालीय. तारखेकडे बघ. मार्च एंडिंग! कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला मार्चमध्ये आपल्यावर सगळे सुरे घेऊन धावून येतायत असंच वाटत असतं. आणि ही ओढूनताणून आणलेली पण नाही, रोमन कॅलेंडरात महिन्याच्या मध्याला आयडीज म्हणायचे आणि होरेसच्या एका कवितेतला सावकार नेमकी आयडीजलाच आपली सगळी उधारी वसूल करतो. तेव्हा सिनेटर लोकांच्या हातात सुऱ्यांबरोबर फायली पण दे.

प्रश्न (ऐरोली): माझा मुलगा इंग्रजीतून ॲस्टेरिक्स वाचतो आणि एकटाच खिदळत असतो. विचारलं तर म्हणतो, आई नावं वाच ना. मला काही कळत नाही. मराठीत असं जमेल का?

उत्तर: न जमायला काय झालं? गोसिनी आणि उदेर्झो या जोडीने ते कॉमिक १९५९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलं. त्यातल्या गॉल लोकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या जुन्या रहिवाशांच्या, नावाला शेवटी इक्स, कारण सीझरशी लढलेल्या त्यांच्या खऱ्या सरदाराचं नाव व्हर्सिंगेटोरिक्स होतं, इसवी सन पूर्व ५२ मध्ये अलेसियाला हरला तोच. रोमन माणसाच्या नावाला शेवटी अस नाहीतर उस. मग त्या शेपटीला फिट बसेल असा रोजचा शब्द शोधायचा, एवढाच खेळ. इंग्रजी करणारे अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी कोट्या शब्दशः नेल्याच नाहीत, इंग्रजीत नव्याने रचल्या. कुत्र्याचं फ्रेंच नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात पक्की बसलेली कल्पना, त्याचं त्यांनी डॉगमॅटिक्स केलं, हट्ट तसाच राहिला आणि वर डॉग फुकटात आला.

आता आपण बघू. मराठी तर या बाबतीत भाग्यवान आहे, आपल्याकडे स ने संपणारे शब्द चिक्कार. सिनेटमधला सज्जन म्हातारा भलामाणूस, त्याचा दलाल मधलामाणूस, पिंपाएवढा सेनापती आमरस, त्याचा बारीक, चरकातून काढल्यासारखा शिपाई उसाचारस, आणि नेहमी चुकीच्या वेळी येणारा दूत अवकाळीपाऊस. गॉलच्या बाजूला मीटरने न येणारा रिक्षावाला रेटफिक्स आणि भेळवाला सुकामिक्स. मुलाला सांगा, सुट्टीत अजून दहा काढ, तुम्ही पण बसा त्याच्याबरोबर, आणि जी नावं मोठ्याने वाचल्यावर आजी हसेल तेवढीच ठेवा.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): परदेशी कशाला, आपल्या महाकाव्यात कोट्या नाहीत का?

उत्तर: आहेत की, आणि जीवघेण्या आहेत. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला आणि द्रोणाचार्यांना वाटलं मुलगा गेला, "नरो वा कुंजरो वा" त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही, शस्त्र खाली ठेवलं आणि जीव गेला. होमरच्या ओडिसीतही नावाचाच डाव आहे, फक्त तिथे जीव वाचतो. एकडोळ्या राक्षसाने नाव विचारलं तर ओडिसियस म्हणाला, माझं नाव कोणीनाही. रात्री डोळा फोडल्यावर राक्षस बोंबलला, शेजारचे राक्षस धावत आले, कोण मारतंय रे तुला? कोणीनाही! मग झोप की गुपचूप, म्हणून निघून गेले. या दोघांना एका चित्रात आणा, गुहेच्या दारात हत्ती उभा आणि राक्षस विचारतोय "कोण आहे?", बाकी तुम्ही बघा.

ठाण्याच्या वाचकाने विचारलंय म्हणून अजून थोडं. लंडनच्या पंच साप्ताहिकाने १८४३ मध्ये कार्टून हा शब्द थट्टेच्या चित्राला पहिल्यांदा लावला, आणि त्याच पंचच्या नावावरून आपल्या ठाण्याहून एके काळी हिंदुपंच निघायचा. लंडनच्या पंचमध्येच १८४४ मध्ये एका शब्दाचा जोक छापून आला, पेक्कावी. लॅटिनमध्ये अर्थ "मी पाप केलं", त्याचं इंग्रजी भाषांतर "आय हॅव सिन्ड" उच्चारलं की "माझ्याकडे सिंध आहे" असं ऐकू येतं, आणि ब्रिटिश सेनापती नेपियरने आदल्याच वर्षी सिंध गिळला होता. लोक अजून समजतात की ही तार नेपियरनेच पाठवली, पण कोटी होती कॅथरिन विंकवर्थ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीची. पाप आणि प्रांत एकाच शब्दात. एवढी धार आली तर चित्र नसलं तरी चालतं, आम्ही नुसता शब्द छापू.

प्रश्न (कोपरखैरणे): मी सीझर काढला, भोवती सुरे घेतलेले लोक आणि नर्स सांगतेय "सिझर करावं लागेल". फॅमिली ग्रुपवर टाकलं तर सासूबाई चिडल्या, नणंदेला आठवा महिना आहे. काय करू?

उत्तर: आधी ग्रुपवरून डिलीट कर आणि सासूबाईंना फोन कर, मेसेज नको. कोटी चांगलीच आहे, वर सीझरचा जन्म पोट फाडून झाला हीच मुळात दंतकथा, कारण त्याची आई ऑरेलिया पुढे कित्येक वर्षं जिवंत होती, त्या काळात ते शक्य नव्हतं. पण चित्र आत्ता नको. बाळाच्या बारशानंतर आमच्याकडे पाठव, आणि नर्सच्या जागी ब्रूटसलाच डॉक्टरचा कोट घाल, नर्सला उगाच त्यात ओढू नको.