लॅपटॉप टीव्हीला जोडायला दीडशेची केबल वापरली तर लॅपटॉप जळतो का?

नाही जळत. दुकानदार तुम्हाला म्हणाला की साध्या एचडीएमआय केबलने पोर्ट जळतं, पंधराशेची घ्या. हेच वाक्य मी २०२०पासून आमच्या घरात ऐकते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच येतो, हा तुमचा दुसरा प्रश्न. ते दोन मिनिटांचं काम आहे, शेवटी सांगते.

आम्ही बार्शीचे. २०२०च्या मे महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न पुण्यात होतं. लॉकडाउनमुळे लग्नाला ५० माणसांची मर्यादा, सासूबाईंचं वय ८१, त्यात जिल्हा ओलांडायचा तर पास. शेवटी ठरलं की लग्न झूमवर दाखवायचं आणि आम्ही इथे टीव्हीवर बघायचं. आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मोबाइलवर त्यांना माणूस ओळखू यायचा नाही, ३२ इंची टीव्हीवर यायचा. माझ्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सोलापूरच्या नवी पेठेतून आणलेली दीडशे रुपयांची केबल होती. शाळेत त्याच केबलवर दोन दिवस प्रोजेक्टर चालला होता.

आदल्या रात्री जोडून बघितलं. चित्र उत्तम, आवाज उत्तम. फक्त लॅपटॉपच्या पत्र्यावरून हलकेच हात फिरवला की बोटांना चुरचुरत होतं. मी धाकट्या दिरांना म्हणाले, “भावजी, याला करंट येतोय.” ते म्हणाले, “वहिनी, मेटल बॉडी आहे, तेवढं येतंच.” घराचं वायरिंग २००४ साली त्यांनीच उभं राहून करून घेतलेलं, त्यामुळे विजेच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द चालतो. मी गप्प बसले. तेव्हाच टेस्टर लावायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ११ वाजून ५० मिनिटांचा मुहूर्त. आई साडेदहापासूनच इरकल नेसून, वाटीत अक्षता घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. नवरी बोहल्यावर आली, अंतरपाट धरला आणि चित्र थरथरायला लागलं. मला वाटलं केबल सैल बसली असेल. काढली आणि परत लावली. लावताना टोकाशी ‘टक्’ झालं, निळसर ठिणगी दिसली, टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आणि लॅपटॉप बंद. तो परत चालू झालाच नाही. मोबाइलवर झूम उघडेपर्यंत दोन मंगलाष्टका संपल्या होत्या. मोबाइल आईंच्या डोळ्यांसमोर धरला, तर त्या विचारतात, “यातली आपली पोरगी कुठली गं? ही का ती मागची?” मागची करवली होती. शेवटी ‘सावधान’ झाल्यावर त्यांनी अक्षता टाकल्या त्या माझ्या हातातल्या मोबाइलवर.

पंधरा दिवसांनी नणंदेने रेकॉर्डिंग पाठवलं. शाळेतला जुना लॅपटॉप आणला, त्याला व्हीजीएचं निळं पोर्ट होतं, १५ भोकांचं. हे पोर्ट १९८७ सालचं, त्यातून फक्त चित्र जातं, म्हणून आवाजासाठी हेडफोनच्या जागेतून टीव्हीच्या ऑडिओ इनला वेगळी वायर टाकली. (एचडीएमआय २००२ साली आलं तेव्हा चित्र आणि आवाज एका वायरीत आले, ही मोठी सोय झाली.) सगळं नीट दिसलं. आईंनी अर्धा तास बघितलं आणि म्हणाल्या, “झालेल्या लग्नावर अक्षता कशा टाकू?” आणि उठल्या.

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, एचडीएमआयची आयसी, म्हणजे पोर्टमागची चिप, गेली आहे. भावजींनी त्याच दिवशी निकाल दिला: दीडशेची केबल. आजही कोणी पाहुणे आले की सांगतात, वहिनींनी स्वस्तातली केबल आणली म्हणून लॅपटॉप जळला.

मी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. लॅपटॉप चार्जरवर ठेवून त्याने पत्र्यावर मीटरचं एक टोक लावलं, दुसरं नळाच्या लोखंडी पाइपला. ९६ व्होल्ट. मग त्याने भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. पूर्ण घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी ओढलेल्या. तिसरं भोक नुसतं दिसायला.

थ्री पिन टॉपची वरची पिन अर्थिंगची, म्हणजे बॉडीवरची वीज जमिनीत नेणारी. ती इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, सगळ्यांत आधी लागावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडी वीज बॉडीवर येते आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जायची असते. अर्थिंग नसेल तर ती तिथेच तुंबते. माणसाला नुसतं चुरचुरतं, कारण प्रवाह फार कमी असतो. पण एचडीएमआयच्या १९ पिनांमधले चित्राचे सिग्नल ३.३ व्होल्टच्या पातळीवरचे. टीव्हीला छतावरच्या डिशची वायर लावलेली, म्हणजे टीव्हीची पातळी वेगळी, लॅपटॉपची वेगळी. चालू असताना दोघं जोडले की तो फरक नाजूक आयसीतून जातो. याचा केबलच्या किमतीशी काय संबंध? केबल पंधराशेची असती तरी तोच स्पार्क झाला असता.

त्याने अंगणात खड्डा खणून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली. मग तोच लॅपटॉप, तोच नळाचा पाइप, मीटरवर एक व्होल्टसुद्धा नाही. उन्हाळ्यात माती सुकते तेव्हा खड्ड्यात बादलीभर पाणी टाकते मी. आणि भावजींचा जो पुरावा आहे, ती दीडशेची केबल, ती आजही आमच्या टीव्हीमागे आहे. दुरुस्त झालेला लॅपटॉप त्याच केबलने आठवड्यातून दोनदा तरी जोडते. एकदाही काही झालं नाही. केबल दोषी असती तर दुसऱ्यांदाही जाळला असता की नाही?

तेव्हा तुम्ही पंधराशे रुपये दुकानदाराला न देता वायरमनला द्या. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्याला किंवा एचडीएमआयच्या टोकाच्या धातूला टेस्टर लावून बघा. मिणमिणता जरी लागला तरी अर्थिंग तपासून घ्या. थ्री पिनला टू पिनचा कन्व्हर्टर लावून काम भागवत असाल तर तो आजच फेकून द्या. जोडताना टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सची पिन काढा, लॅपटॉपचा चार्जर काढा, मग केबल बसवा, मग सगळं चालू करा. विजांचं वातावरण दिसलं तर कडकडाट सुरू व्हायच्या आधीच डिशची वायरही सोडवून ठेवा.

स्वस्त केबल कधीच त्रास देत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. टीव्ही फोर-के असेल आणि ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) बघायचं असेल तर सेकंदाला १८ गिगाबिट झेपणारी केबल लागते, साधीवर चित्र काळं होतं किंवा ठिपके येतात. लांबी पाच मीटरच्या वर गेली तरी तेच. फुल एचडी टीव्ही आणि दोन मीटर केबल असेल तर दीडशेची पुरते. तुमच्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर आधी त्यातून चित्र बाहेर पडतं का ते मॉडेलच्या माहितीत बघा, सगळ्या टाइप-सीमधून पडत नाही. आणि टीव्हीचं यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हसाठी असतं, तिथे लॅपटॉप जोडून चित्र येणार नाही.

आता आवाज. विंडोज असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जा, आवाज कुठून हवा त्याची यादी उघडा आणि त्यातलं टीव्हीचं नाव निवडा. यादीत टीव्ही दिसत नसेल तर केबल टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला लावून बघा, पण ती बदलतानाही चार्जर काढलेला असू दे. आमच्याकडे आता तो मीच काढते, भावजी समोर बसलेले असले तरी.