‘असावा’ने भरलेले चरित्र

प्रश्न : वाचनालयातून आणलेले शेक्सपिअरचे चारशे पानी चरित्र महिनाभर वाचत आहे. या नाटककाराच्या आयुष्याविषयी फारच थोडे ठाऊक आहे, अशी कबुली लेखक पहिल्याच प्रकरणात देतो आणि पुढे पानोपानी ‘असावा’, ‘बहुधा’ म्हणत राहतो. याला चरित्र म्हणावे की कादंबरी?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : पुस्तक परत करण्याची घाई करू नका, मात्र शेजारी एक वही ठेवा (पुस्तक वाचनालयाचे आहे, तेव्हा त्यात खुणा नकोत) आणि ‘असावा’ आला की त्यामागे कोणता कागद आहे, ते टिपून घ्या. कागद तुम्हाला वाटतात त्याहून पुष्कळ आहेत : २६ एप्रिल १५६४ची बाप्तिस्म्याची नोंद, १५९७मधील घरखरेदी, कोर्टकज्जे, मृत्युपत्र. अडचण एवढीच की, ते सारे व्यवहाराचे आहेत. आगरकरांच्या चरित्रकाराला डोंगरीच्या तुरुंगातले दिवस त्यांच्याच शब्दांत मिळतात. शेक्सपिअरच्या हातचे एकही पत्र उरलेले नाही. १५८५ ते १५९२ या काळाबद्दल तर जवळजवळ काहीच हाती लागत नसल्याने चरित्रकार त्याला कधी शाळामास्तर करतात, कधी वकिलाचा कारकून. ती पाने भरभर उलटलीत तरी चालेल.

मृत्युपत्रापाशी मात्र थांबा. पत्नी ॲन हिला ‘दुसऱ्या प्रतीचा पलंग’ देण्याचे वाक्य त्यात दोन ओळींच्या मध्ये मागाहून घातलेले आहे. पुरावा एवढाच, पण त्यावरून एक लेखक विटलेला संसार उभा करतो, तर दुसरा सांगतो की उत्तम पलंग पाहुण्यांसाठी राखलेला असे, तेव्हा हा नवराबायकोचा पलंग म्हणजे मायेचीच खूण होय. तुमचा लेखक दोन्ही अर्थ समोर ठेवतो की एक निवडून दुसरा दडपतो, यावरून त्याचा प्रामाणिकपणा तपासता येईल.

मुलगा हॅम्नेट १५९६मध्ये अकराव्या वर्षी वारला म्हणून ‘हॅम्लेट’ लिहिले गेले, हे विधान मला अधिक खटकते. आगरकरांनी १८८३मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेल्या त्या नाटकातल्या राजपुत्राची गोष्ट, हा मुलगा जिवंत असतानाच लंडनच्या रंगभूमीवर येऊन गेली होती. शिवाय त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षांत बापाने विनोदी नाटकेही लिहिली.

उरलेल्या पानांत १६१२चा खटला अवश्य शोधा. लंडनमध्ये शेक्सपिअर ज्या कारागिराच्या घरी भाड्याने राहत असे, त्याच्या मुलीचे लग्न घरातल्याच उमेदवार कामगाराशी जुळवताना त्याने मध्यस्थी केली होती. पुढे हुंड्यावरून सासरा-जावई कोर्टात गेले आणि शेक्सपिअरला साक्षीला यावे लागले. हुंडा किती ठरला होता, असे विचारताच त्याने आपल्याकडच्या कोणत्याही सावध मध्यस्थासारखे, आकडा आठवत नाही, असे सांगितले. त्या जबानीखाली त्याची सही आहे.